समन्वयमूर्ती श्रीसंत एकनाथ महाराज

थोर विठ्ठलभक्त संत भानुदास यांच्या कुळात, श्रीक्षेत्र पैठण येथे, इ. स. १५३३ च्या सुमारास एकनाथ महाराजांचा जन्म झाला. निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार असूनही दत्तभक्ती अखंड राखणारे जनार्दनस्वामी हे त्यांचे सद्गुरू. ‘हिंदू-तुर्क संवाद’ या रचनेत नाथांनी दोन्ही धर्मीयांना आपापले आक्षेप परखडपणे मांडू दिले आणि अखेरीस त्यांचा समेट घडविला.

मतभेदाची खरी कसोटी मात्र घरातच लागली. सुपुत्र हरिपंडित कर्मनिष्ठ शास्त्री होते. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, परान्न घ्यावे, हे त्यांना रुचेना. ते काशीस निघून गेले. परंपरा सांगते की, नाथ स्वतः त्यांना आणावयास गेले. प्राकृत पुराण व परान्न वर्ज्य करण्याच्या अटी त्यांनी मान्य केल्या आणि पुराण मुलाकडे सोपविले. श्रोते ओसरले, तरी नाथांनी तक्रार केली नाही. पुढे एका वृद्धेच्या सहस्रभोजनाच्या संकल्पासाठी हरिपंडितांनी स्वतः स्वयंपाक केला व एकटे नाथ जेवले. त्यांची पत्रावळ उचलताच खाली दुसरी दिसे. अशा सहस्र पत्रावळी उचलल्यावर पुत्राचा अभिमान गळाला, अशी आख्यायिका आहे.

इ. स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला.

चारकोपच्या वसाहतीत अनेक पंथांची घरे शेजारी नांदतात. कधी एकाच घरात दोन उपासना असतात. वेगळ्या श्रद्धेच्या आप्ताचे पान आपल्या पंक्तीतून दूर मांडू नये, हीच नाथांची सेवा होय.