सासवण्याचे नानासाहेब

मैत्रिणींनो, मालवणात राहणाऱ्या बाईला पुतळा म्हटलं की २६ ऑगस्ट २०२४ आठवतो. राजकोटवरचा शिवरायांचा पुतळा नऊ महिनेही न होता कोसळला, त्या दिवशी आमच्या वाडीत कुणाला जेवण गेलं नाही. २०२५ मध्ये तिथे नवा पुतळा उभा राहिला. पण पुण्यातला १९२८ चा पुतळा अजून जागचा हललेला नाही, तो कुणी केला, हे माझ्या डोक्यात बसलं.

तो केला विनायक पांडुरंग उर्फ नानासाहेब करमरकर यांनी. आपल्या कोकणातलाच माणूस, अलिबागजवळच्या सासवण्याचा, जन्म १८९१ चा. वडील गणपतीच्या मूर्ती करत, त्यामुळे हाताला माती लहानपणीच लागलेली. चतुर्थीआधी आपल्याकडे गणपतीच्या शाळेत मुलं लुडबुडतात, तसंच काहीसं असणार. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांच्या मदतीने मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पोचला. साहेब त्या वाटेने आलाच नसता तर? असो.

पुढे रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांच्यामुळे नानासाहेब कलकत्त्याला गेले. १९२० मध्ये लंडनला जाऊन शिकले. त्यांची शंख फुंकणारी स्त्री बघितली की बंगाल त्यांच्यात किती मुरला होता ते कळतं. पुण्याचा अश्वारूढ पुतळा साडेतेरा फुटी, वजन जवळजवळ आठ टन, आणि तो मुंबईत एकसंध ओतलेला! आपण घरी साधा मोदकाचा साचा भरतो तेव्हाही एखादी कळी मोडते.

खरं सांगू, मला मात्र त्यांची सासवण्याची कामं जास्त आवडतात. तिथे त्यांनी साध्या सिमेंटमध्ये गावची माणसं घडवली. कोळणी, घरातल्या बायका, पोरंबाळं, अंगणात म्हैससुद्धा. ब्राँझ राजांसाठी, आणि सिमेंट आपल्यासारख्यांसाठी, असं मला आपलं वाटलं. १९६७ मध्ये ते गेले. त्यांच्या घराचंच संग्रहालय झालं, आणि ते वर्षानुवर्षं सांभाळलं त्यांच्या सुनेने. पुतळ्यांवरची धूळ रोज कोण पुसतं, हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

बचत गटाच्या बायकांना घेऊन मी तिथे गेले होते. आमच्यातली एक काकी त्या सिमेंटच्या कोळणीसमोरून हलेचना. तिच्या घरी पिढ्यानपिढ्या गणपती होतात, पण मातीला हात मुलग्यांनीच लावायचा. परतताना कणकवली येईपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, यंदा नातीलाही शाळेत बसवणार, बघू कोण काय म्हणतं ते.