सभेत घडलेले आयुष्य : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे

पुण्यात दरवर्षी उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला भरते. दिवसभराचे ऊन उतरले की श्रोते जमतात, एखादा जाणकार राजकारण, समाज, अर्थकारण, आरोग्य अशा एखाद्या विषयावर बोलतो, आणि लोक त्यावर विचार करीत घरी जातात. या व्याख्यानमालेचा प्रारंभ १८७५ सालचा. तिच्यामागे पुढाकार होता तो तेहतीस वर्षांच्या एका न्यायाधीशाचा. त्यांचे नाव महादेव गोविंद रानडे. घरची आणि स्नेहमंडळी त्यांना माधवराव म्हणत.

आज अशा सभेचे कोणालाही नवल वाटत नाही. त्या काळी मात्र चार माणसांनी एकत्र बसण्याची ठिकाणे ठरलेली होती. देवळात कीर्तन-पुराण होई, पण तेथे श्रोत्याने उलट प्रश्न विचारायचा नसे. जातीची पंचायत बसे, पण तेथे परजातीच्या माणसाला जागा नसे. दरबार भरे, पण तेथे प्रजेने केवळ अर्ज करायचा असे. निरनिराळ्या जातींच्या व मतांच्या माणसांनी एका छताखाली बसावे, सर्वांच्या हिताचा प्रश्न पुराव्यानिशी मांडावा आणि विरुद्ध पक्षाचेही ऐकून घ्यावे, ही रीत समाजाला नव्याने लावून घ्यावी लागली. ती लावण्यात माधवरावांचे आयुष्य खर्ची पडले, आणि त्या रीतीची सर्वांत कठोर परीक्षा त्यांना स्वतःलाच द्यावी लागली.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते, त्यामुळे बालपण व प्राथमिक शिक्षण कोल्हापुरात झाले. मूल अबोल आणि अंगाने स्थूल. हा पुढे काय करणार, अशी घरात चिंता असे. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी ते शिक्षणासाठी मुंबईला एल्फिन्स्टन संस्थेत आले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. तीत जे २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले, त्यांत ते होते. पुढे १८६२ मध्ये बी.ए., १८६४ मध्ये एम.ए. आणि १८६६ मध्ये एलएल.बी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. अखंड वाचनाने डोळे कायमचे अधू झाले, ते याच काळात.

मोकळेपणाने मत मांडल्यास किंमत मोजावी लागते, हेही त्यांना विद्यार्थिदशेतच कळले. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अमलाशी तुलना केली आणि इंग्रजी राज्यावर टीका केली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे त्यांच्या बुद्धीचे चाहते, तरीही त्यांनी सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली. माधवरावांनी याबद्दल मनात कडवटपणा धरला नाही, पण आपले मतही सोडले नाही. हा स्वभाव अखेरपर्यंत टिकला.

वादाचा पहिला मोठा प्रसंग विधवाविवाहाच्या प्रश्नावर आला. विष्णुशास्त्री पंडित यांच्या विधवाविवाहोत्तेजक मंडळींत माधवराव होते. १८६९ साली मुंबईत मंडळींच्या प्रयत्नाने पुनर्विवाह लागला, तेव्हा निमंत्रणपत्रिकेवर सह्या करणाऱ्यांवर शंकराचार्यांनी बहिष्कार घातला. त्यांत माधवरावही होते. पुढच्या वर्षी पुण्यात शंकराचार्यांपुढे या विषयावर कित्येक दिवस शास्त्रार्थ चालला. निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. तथापि विधवेच्या दुःखाची चर्चा माजघरातून उठून भर सभेत आली, ती पुन्हा माजघरात परतली नाही.

१८७१ च्या अखेरीस माधवराव पुण्यास न्यायाधीश म्हणून आले. गणेश वासुदेव जोशी यांनी २ एप्रिल १८७० रोजी तेथे सार्वजनिक सभा स्थापन केली होती. तिचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान ५० लोकांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे सभेत उठून बोलणारा मनुष्य एकटा नसे. आपण कोणाच्या वतीने बोलतो, हे त्याला दाखवावे लागे. जोशी सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध झाले, आणि सभेच्या कामामागील अभ्यास व लेखणी बव्हंशी माधवरावांची राहिली. सरकारी नोकरीमुळे त्यांचे नाव पुष्कळदा पडद्याआड असे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. अन्नावाचून होणारे हाल, गुरांची हानी, मदतकामांवरील अपुरी मजुरी यांविषयी बोलताना हळहळ पुरेशी नाही, नोंद आणि आकडेही लागतात, हा धडा पुण्याने त्या वेळी घेतला. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले, त्यातही त्यांच्या लेखणीचा मोठा वाटा होता.

माधवरावांच्या बोलण्यात आवाजाची फेक किंवा अभिनय नसे. विषयाची जुळणी, आधार आणि दुसऱ्या बाजूचा पूर्ण विचार, एवढ्यावर त्यांची भिस्त असे. १८७२-७३ मध्ये त्यांनी पुण्यात व्यापार व देशाचे दारिद्र्य यांवर व्याख्याने दिली. देशी मालाच्या वापराचा विचार त्यातून अनेकांच्या मनात रुजला. त्यांच्या श्रोत्यांत वासुदेव बळवंत फडके नावाचे लष्करी हिशेब खात्यातील कारकूनही होते. दोघांचे मार्ग पुढे अगदी भिन्न झाले. १८७९ साली फडक्यांचे बंड झाले, पुण्यातील वाड्यांना आगी लागल्या आणि सरकारला माधवरावांचाही संशय आला. त्यांची धुळ्यास बदली झाली, त्यांची पत्रे फोडून वाचली जाऊ लागली. त्यांनी गाजावाजा न करता काम चालू ठेवले, तेव्हा संशय आपोआप निवळला.

सरकारचा रोष एका बाजूने, तर गावाचा रोष दुसऱ्या बाजूने. १८७५ साली स्वामी दयानंद सरस्वती पुण्यास आले आणि त्यांची व्याख्याने झाली. माधवराव स्वतः प्रार्थनासमाजाचे, स्वामींची सर्व मते त्यांना मान्य नव्हती. तरी ज्याला काही सांगायचे आहे त्याला सभा मिळाली पाहिजे, या विचाराने ते पाठीशी उभे राहिले. जोतीराव फुले यांचेही साहाय्य होते. अखेर स्वामींची मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली आणि चिखलफेक झाली. न्यायाधीशाच्या अंगावर चिखल उडाला. त्यांनी घरी येऊन कपडे बदलले, आणि कोणावर फिर्याद केली नाही.

आयुष्यातील सर्वांत अवघड प्रसंग मात्र सभेत नव्हे, घरात घडला. १८७३ साली पहिल्या पत्नी सखूबाई यांचे निधन झाले. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणारा हा मनुष्य आता विधवेशीच लग्न करील, असे मित्रांना वाटत होते, आणि वडिलांना नेमकी तीच भीती होती. गोविंदरावांनी घाईने कुर्लेकरांची अकरा वर्षांची कन्या यमुना पसंत केली. माधवरावांनी विरोध केला, विनवणी केली, पण वडिलांचा शब्द मोडणे त्यांना जमले नाही. एकतीस वर्षांच्या विद्वानाचे अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न लागले. सुधारकांनी दोष दिला, विरोधकांनी थट्टा केली. दोन्हींत तथ्य होते.

या घटनेवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. तिच्यामुळे माधवराव लहान ठरले, असेही म्हणता येत नाही. पण जे व्यासपीठावरून बोलले ते घरात पाळता आले नाही, हे खरेच आहे. त्यानंतर त्यांना दोन मार्ग मोकळे होते. लाजून सभा सोडणे हा एक, आणि घडले ते विसरून पूर्ववत बोलत राहणे हा दुसरा. त्यांनी तिसरा मार्ग धरला. नव्या नवरीचे, म्हणजे रमाबाईंचे, शिक्षण त्यांनी मुळाक्षरांपासून सुरू केले. घरातील वडीलधाऱ्या बायका टोचून बोलत, पुस्तक हातात दिसले की अबोला धरीत. माधवराव दिवसा न्यायदान करीत आणि रात्री शिकवीत. पुढे रमाबाई त्यांना वर्तमानपत्रे व ग्रंथ वाचून दाखवू लागल्या, अधू डोळ्यांच्या पतीला तो मोठाच आधार झाला. पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची मागणी करण्यासाठी सभा भरली, तेव्हा रमाबाईंनी इंग्रजी भाषण वाचले. त्या दिवशी घरी त्यांना शिव्याशाप ऐकावे लागले. १८८४ साली ते हायस्कूल उघडले. हुजूरपागा या नावाने ते आजही सर्वांना ठाऊक आहे.

माधवराव केवळ पुण्याचे राहिले नाहीत. १८८७ च्या डिसेंबरात मद्रासला राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन भरले, त्याच वेळी तेथे सामाजिक परिषदेचा आरंभ झाला. त्यानंतर अलाहाबाद, मुंबई, कलकत्ता, नागपूर, लाहोर, अमरावती, लखनौ अशा ठिकाणी परिषद दरवर्षी फिरत राहिली, आणि तिचा भार मुख्यतः माधवरावांनी वाहिला. बालविवाह, विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण, हुंडा, मद्यपान, जातिभेद हे तिचे विषय. देशातील निरनिराळ्या प्रांतांतून वर्षभरात काय काम झाले याचे अहवाल ते मागवीत आणि तेवढ्याच आधारावर बोलत. बंगालमध्ये काय घडले ते मद्रासकरांना आणि पंजाबात काय घडले ते पुणेकरांना अशा रीतीने कळू लागले.

लग्नाच्या वयाचा प्रश्न केवळ धर्माचा नाही, तो मुलींच्या शरीराचा आणि जिवाचाही आहे, हे याच काळात समाजापुढे आले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींची वयोमर्यादा १० वरून १२ वर्षे केली. त्यापूर्वी पुण्यात भयंकर वादळ उठले. सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे लोकमान्य टिळकांच्या पक्षाचे म्हणणे होते. माधवराव कायद्याच्या बाजूने उभे राहिले. अकराव्या वर्षी सासरी आलेली मुलगी ज्याच्या घरात वाढली, त्याला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

तरीही कच खाण्याचा प्रसंग पुन्हा एकदा आला. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. त्यांत माधवराव होते आणि टिळकही होते. नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले. स्नेह्यांची घरगुती अडचण पाहून १८९२ साली माधवरावांनी प्रायश्चित्त घेतले. तरुण सुधारकांना हे मुळीच रुचले नाही. समाजाला सोडून पुढे जाण्यापेक्षा समाजाला बरोबर घेऊन हळू चालावे, हा त्यांचा विचार होता. तो विचार कोठे संपतो आणि दुर्बलता कोठे सुरू होते, हे त्यांच्या हयातीत अनेकांनी विचारले. वाचकानेही विचारावे.

१८९३ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर माधवराव मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८९५ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन पुण्यातच होते. सभेच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देणार नाही, मंडप जाळू, अशा धमक्या आल्या. ज्या गावाला त्यांनी सभेत बसायला शिकवले, त्याच गावाने त्यांना जागा नाकारली. त्यांनी आग्रह सोडला, परिषद फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात भरवली आणि तेथे नेहमीच्याच शांतपणे भाषण केले. त्याच सुमारास सार्वजनिक सभाही टिळकपक्षाकडे गेली. माधवरावांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा स्थापन केली. त्यांच्या तालमीत तयार झालेले गोपाळ कृष्ण गोखले तेथे त्यांच्या बरोबर होते. या सर्व धामधुमीत मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा इतिहासही त्यांनी लिहिला, तो १९०० साली प्रसिद्ध झाला.

त्या वर्षाच्या अखेरीस लाहोरला परिषद होती. प्रकृती खालावल्यामुळे त्यांना जाता आले नाही, भाषण मात्र त्यांनी लिहून पाठवले. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. एकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले होते. जन्मभर त्यांच्याशी भांडलेल्या टिळकांनी केसरीत मृत्युलेख लिहिला आणि निर्जीव झालेल्या महाराष्ट्रात पुन्हा ऊब आणण्याचे श्रेय मोकळेपणाने त्यांना दिले. मतभेद ठेवून आदर करता येतो, ही सभेची शिकवण विरोधकानेच अशी सिद्ध केली.

उरले ते काम रमाबाईंनी केले. मूल नाही, पती नाही, अशा अवस्थेत काही काळ घराबाहेरही न पडलेल्या या बाई पुढे सेवासदनाच्या अध्यक्ष झाल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. तेथे निराधार आणि अर्धशिक्षित स्त्रियांना शिक्षिका व परिचारिका होण्याचे शिक्षण मिळू लागले. रोग्याची शुश्रूषा हे भल्या घरच्या स्त्रीचे काम नव्हे, ही समजूत त्यांनी व्याख्यानाने नव्हे, तर स्त्रियांना रुग्णालयात पाठवून मोडली. मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी त्या पुण्याच्या रस्त्यावर उतरल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले.

१८७३ साली माधवरावांचा शब्द घरात हरला होता. त्याच घरातली अकरा वर्षांची मुलगी पन्नास वर्षांनी शेकडो मुलींची वाट मोकळी करून गेली. माधवरावांच्या सभांचा हिशेब मांडताना ही नोंद विसरून चालणार नाही.