चित्रकार सावळाराम हळदणकर

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहालयात एक प्रसिद्ध चित्र आहे. निरांजन घेतलेली तरुणी ज्योतीला हाताचा आडोसा धरून उभी आहे आणि बोटांच्या फटींतून प्रकाश पाझरतो आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. रविवर्मा १९०६ साली वारले. चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे. ते काढणारे सावळाराम लक्ष्मण हळदणकर आपल्याच सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा.

त्या काळी चित्रे काढून पोट भरेल, असे कोणत्या बापाला वाटले असते? पण या मुलाच्या हाताची करामत संस्थानच्या दरबारी पोचली आणि तो मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापणाऱ्यांत ते होते. त्यांच्या नावाजलेल्या चित्रांत एका मुसलमान यात्रेकरूचेही चित्र आहे, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते.

जलरंगाचे काम मोठे कठीण. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा सोडलेला कागद. तो एकदा डागळला की पूर्ववत होत नाही. निरांजनाचे ते चित्र जलरंगातच आहे. त्यासाठी हळदणकरांची कन्या गीता हातात दिवा घेऊन सुमारे तीन तास उभी राहिली होती. (त्या २०१८ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी वारल्या.)

चित्र झाले आणि थोड्याच दिवसांत वारे फिरले. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप निघाला. त्यात सूझा, आरा, गाडे, बाक्रे यांच्याबरोबर आपले हुसेन आणि रझा होते. पुढे गायतोंड्यांसारख्यांनी तर चित्रातून माणूस, झाड, घर सारेच काढून टाकले. हुबेहूब चित्र काढणे नव्या मंडळींना जुनाट वाटू लागले. ही नवी मंडळी थोर होती, यात वाद नाही. पण हळदणकरांनी साठी ओलांडल्यावर फॅशनपायी आपला कुंचला बदलला नाही. समोर दिसणारा माणूस आणि त्याच्यावर पडलेला उजेड हाच त्यांचा विषय राहिला.

१९६८ मध्ये ते गेले. म्हैसूरची सहल निघेल तेव्हा मुलांनो, त्या चित्राखालचे नाव तेवढे वाचून या.