डोंगरातले बियाणे जपणारे वाविलोव

१९१६ साली इराणमधल्या रशियन सैनिकांना पाव खाल्ल्यावर झिंग येऊ लागली. कारण शोधायला निकोलाय वाविलोव या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाला धाडण्यात आले. गव्हात विषारी तणाचे बी मिसळले होते. निदान डॉक्टरांचे नव्हे, वनस्पतिशास्त्रज्ञाचे!

तिथून ते पामीरच्या कोरड्या डोंगरांत गेले. दरी बदलली की गव्हाचे, कडधान्याचे वाणही बदलतात, हे त्यांनी पाहिले. कुठे थंडी सोसणारे, कुठे लवकर पिकणारे. नवी पिके यांच्यातूनच घडवावी लागतील, म्हणून त्यांनी जगभर फिरून बियाणे गोळा केले. लेनिनग्राडच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले. आज पामीरच्या हिमनद्या मागे हटत आहेत आणि तिथली शेती त्यांच्याच पाण्यावर चालते. तिथले जुने वाण आता पूर्वीपेक्षा मोलाचे आहेत.

स्टालिनच्या मर्जीतल्या लायसेंकोला केलेला विरोध वाविलोवांना भोवला. १९४० मध्ये अटक झाली. २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने त्यांचा मृत्यू झाला. वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये त्यांचे काही सहकारीही भुकेने गेले. संग्रहातले धान्य मात्र त्यांनी खाल्ले नाही.