गाडीचा बूस्ट सेन्सर खोटं बोलतोय का? हे ओळखायची युक्ती पास्कलने 1648 सालीच करून दाखवली होती

पिंपळगाव बसवंतमध्ये एखाद्या टर्बो डिझेल गाडीला स्कॅनर लावा. चावी ऑन करा, पण इंजिन सुरू करू नका. स्क्रीनवर मॅनिफोल्ड प्रेशरच्या रकान्यात साधारण 94 किंवा 95 असा आकडा येतो आणि पुढे लिहिलेलं असतं, किलोपास्कल.

इंजिन बंद आहे, टर्बो फिरत नाहीये, मग हे प्रेशर आलं कुठून?

तर ते आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन आहे. समुद्राच्या पातळीला, म्हणजे मुंबईत, हाच आकडा 101 च्या आसपास असतो. पिंपळगाव साधारण 600 मीटर उंचावर आहे. वर जाल तशी डोक्यावरची हवा कमी होते, म्हणून इथे सहा-सात किलोपास्कल कमी. तीच गाडी वणीच्या गडावर नेली तर आकडा आणखी सहा-सातने उतरतो.

हे आज सरळ वाटतं. पण हवेला वजन असतं आणि उंचीवर ते कमी होतं, हे सिद्ध करण्यासाठी एका माणसाला मोठमोठ्या विद्वानांशी भांडावं लागलं होतं. किलोपास्कलमधला पास्कल तो हाच. ब्लेझ पास्कल.

पास्कलचा जन्म 19 जून 1623 चा, फ्रान्समधल्या क्लेर्मों गावचा. तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एतिएन सरकारी अधिकारी आणि स्वतः गणितात मुरलेले. पोराला त्यांनी शाळेत न घालता घरीच शिकवलं, पण अट अशी की आधी भाषा पक्क्या करायच्या, गणित नंतर. पोरगं काही ऐकणारं नव्हतं. त्याने जमिनीवर आकृत्या काढून स्वतःच भूमिती शोधायला घेतली, असं त्याच्या बहिणीने लिहून ठेवलंय. सोळाव्या वर्षी त्याने शंकुच्छेदांवर निबंध लिहिला.

पुढे वडिलांची नेमणूक रुआँ शहरात करवसुलीच्या कामावर झाली. रात्र रात्र आकडेमोड करणारे वडील बघून एकोणीस वर्षांच्या ब्लेझने बेरीज-वजाबाकी करणारं यंत्र बनवायला घेतलं. त्यासाठी त्याने पन्नासेक नमुने केले म्हणतात. यंत्र चाललं, पण महाग पडलं आणि फारसं खपलं नाही.

याच रुआँमध्ये 1646 साली त्याच्या कानावर इटलीतल्या तोरिचेल्लीचा प्रयोग आला. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरायची आणि पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी करायची. पारा थोडा उतरतो आणि साधारण 76 सेंटीमीटरवर थांबतो. वर रिकामी जागा उरते.

सगळं भांडण या रिकाम्या जागेवरून होतं. निसर्गात पोकळी असूच शकत नाही, ही जुनी समजूत. एका जेझुइट धर्मगुरूने पत्रातून पास्कलशी वाद घातला. त्या काळचा सगळ्यात वजनदार तत्त्वज्ञ देकार्त 1647 मध्ये त्याला घरी येऊन भेटला. हवेच्या वजनाची कल्पना त्याला पटत होती, पण पोकळी काही मान्य नव्हती.

पास्कलने डोकं लावलं. पारा जर बाहेरच्या हवेच्या वजनाने उभा राहत असेल, तर डोंगरावर तो कमी उभा राहायला हवा. पण तो स्वतः पॅरिसमध्ये आजारी. अठराव्या वर्षापासून त्याची तब्येत कधी धड नव्हतीच. मग त्याने थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना पत्र लिहिलं. दाजी फ्लोराँ पेरिये क्लेर्मोंमध्येच राहायचे आणि गावाशेजारी प्वी द दोम हा 1465 मीटरचा डोंगर होता. पत्र गेलं नोव्हेंबर 1647 मध्ये, मुहूर्त लागला 19 सप्टेंबर 1648 ला. दाजींना नोकरी होती आणि डोंगरावर धुकं-बर्फ.

त्या दिवशी पेरिये यांनी जे केलं ते गॅरेजवाल्यांनी नीट बघण्यासारखं आहे. त्यांनी नळ्या घेतल्या दोन. मठाच्या बागेत दोन्ही एकाच पाऱ्याने भरल्या आणि दोन्हीत पारा सारखाच उभा राहतो हे आधी तपासलं. मग एक नळी तिथेच ठेवली आणि तिच्यावर दिवसभर नजर ठेवायला एका धर्मगुरूंना बसवलं. दुसरी घेऊन मंडळी डोंगर चढली.

पायथ्याला पारा त्यांच्या मापाने 26 इंचांच्या थोडा वर होता. माथ्यावर 23 इंच. तीन इंचांचा फरक! पेरिये यांनी माथ्यावर जागा बदलून पाच वेळा मोजलं, आकडा तोच. खाली येऊन बघितलं तर बागेतल्या नळीतला पारा दिवसभरात हललाच नव्हता.

ही दुसरी नळी नसती तर सगळा प्रयोग वाया गेला असता. हवामान बदललं असेल, नळीत गडबड असेल, असं कुणीही म्हटलं असतं. (गंमत म्हणजे क्लेर्मोंचा तो आकडा आजच्या मापात साधारण 95 किलोपास्कल येतो. जवळजवळ पिंपळगावइतकाच.)

आता गॅरेजात परत या. टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप चढावर दम सोडते, काळा धूर मारते, चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर बूस्ट प्रेशरचा कोड दाखवतो. अनेक जण इथेच घाई करतात. कुणी सरळ सेन्सर बदलतो, कुणी थेट टर्बोच उतरवतो. टर्बोचा खर्च सेन्सरच्या कितीतरी पट असतो आणि ऐन हंगामात गाडी उभी राहते ते वेगळंच. कोड फक्त आकडा पटत नाही एवढंच सांगतो. सेन्सर खोटं बोलतोय की हवाच कमी येतेय, हे त्यात नसतं.

म्हणून दुसरी नळी. बऱ्याच गाड्यांच्या ईसीयूमध्ये बाहेरच्या हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर असतो. इंजिन बंद ठेवून दोन्ही आकडे शेजारी बघायचे. दोन्ही 94 च्या आसपास असतील तर ठीक. एक 94 आणि बूस्टवाला 60 किंवा 130 दाखवत असेल तर घोळ सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. तरी लगेच नवा सेन्सर आणायचा नाही. आधी कनेक्टर उघडून 5 व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग तपासायचं.

बंद इंजिनवर आकडे जुळले, पण लोडवर ईसीयू 200 मागतोय आणि 140 च मिळतायत, तर सेन्सर बहुधा खरं बोलतोय. मग फाटलेला होज, ढिला क्लॅम्प, गळका इंटरकूलर, अडकलेला अ‍ॅक्च्युएटर शोधायचा. एक अपवाद आहे. सेन्सरचं तोंड काजळीने आणि तेलाने बुजलं असेल तर उभ्या गाडीत आकडा बरोबर येतो आणि पळताना मागे पडतो. तो काढून, साफ करून बघावा लागतो. शंका उरलीच तर पाइपवर साधा गेज लावायचा, फक्त गेजचा शून्य म्हणजे बाहेरची हवा हे विसरायचं नाही. गेजवर 1 बार आला तर पिंपळगावात स्कॅनरवर साधारण 194 यायला हवेत, मुंबईत 201.

आणि त्या वादातल्या पोकळीचं काय झालं? बूस्ट सेन्सरच्या आत सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. त्याच्या एका बाजूला इंजिनची हवा, दुसऱ्या बाजूला सीलबंद पोकळी. देकार्तला जी मान्य नव्हती, तिच्याच आधारावर हा आकडा मोजला जातो.

पास्कल मात्र या विषयात फार काळ रमला नाही. 1654 मध्ये त्याने फेर्माशी पत्रव्यवहार करून जुगाराच्या हिशोबातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला. त्याच वर्षी नोव्हेंबरमधल्या एका रात्री त्याला धार्मिक अनुभव आला आणि तो देवाधर्माकडे वळला. धाकटी बहीण जॅकलिन आधीच नन झाली होती. तिच्या मठाच्या बाजूने त्याने टोपणनावाने धारदार पत्रं लिहिली. मार्च 1662 मध्ये पॅरिसात ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या, त्यामागेही तोच होता. म्हणजे आजच्या सिटी बसची पणजीच.

पाच महिन्यांनी, 19 ऑगस्ट 1662 ला तो गेला. वय 39. हवेच्या वजनावरचं त्याचं पुस्तक दुसऱ्या वर्षी छापलं गेलं. दाबाच्या एककाला त्याचं नाव मिळालं ते 1971 मध्ये.