मेरी क्युरी: एक्स-रे काढायला शिकवणारी बाई

आज मोबाईल किंवा ॲपबद्दल नाही, तर एका माणसाबद्दल लिहितोय. निमित्त मात्र आमच्या घरचंच आहे.

बारावी सायन्स झाल्यावर माझ्या धाकट्या बहिणीने सोलापूरच्या घरी जाहीर केलं की तिला एक्स-रे टेक्निशियन व्हायचंय. आईला भीती रेडिएशनची. रोज त्या किरणांजवळ राहून पोरीच्या तब्येतीचं काय होणार? बाबांचं म्हणणं वेगळंच. बटण दाबायला कसला कोर्स लागतो? घरातला इंजिनिअर म्हणून निकाल मी द्यायचा होता. पण खरं सांगू? मी सॉफ्टवेअरवाला, मलाही बटणापलीकडे फारसं माहीत नव्हतं.

म्हणून वाचायला बसलो आणि मेरी क्युरींपाशी येऊन थांबलो. रेडियम आणि दोन नोबेल हे आपण शाळेत पाठ केलंय. त्यांनी एक्स-रे टेक्निशियन घडवले, हे मला तरी कुणी शिकवलं नव्हतं.

वॉर्सा ते पॅरिस

मारिया स्क्लोडोव्स्का यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1867 रोजी वॉर्सात झाला. तेव्हा तिथे रशियाचं राज्य होतं आणि मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. दोघी बहिणींनी आपसात ठरवलं: आधी मोठी ब्रोन्या पॅरिसला डॉक्टरकी शिकेल आणि मारिया लोकांच्या घरी मुलांना शिकवून तिला पैसे पाठवेल, मग मारियाची पाळी. अशी काही वर्षं गेल्यावर 1891 मध्ये मारिया पॅरिसला पोहोचल्या. 1893 मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली, पहिल्या क्रमांकाने. पुढच्याच वर्षी गणिताची.

1895 मध्ये पिअर क्युरींशी लग्न झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीत राँटजेन यांना एक्स-रे सापडले. 1898 मध्ये क्युरी दांपत्याने पोलोनियम आणि रेडियम शोधलं. 1903 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. 1906 मध्ये पिअर घोडागाडीखाली सापडून गेले. पदरात दोन मुली. मेरींनी काम सोडलं नाही, आणि 1911 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल एकटीने मिळवलं.

चाकांवरचा एक्स-रे

1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. सैनिकांच्या अंगात गोळ्या आणि तोफगोळ्यांचे तुकडे अडकत. ते नेमके कुठे आहेत हे कळलं नाही तर सर्जनला अंदाजाने चिरत बसावं लागे. एक्स-रे यंत्रं होती, पण शहरातल्या हॉस्पिटलांत. जखमी होते आघाडीवर, आणि तिथे वीजच नाही.

मेरींनी उपाय काढला तो असा. गाडीत एक्स-रे ट्यूब, पडदा, फोटोच्या काचा धुण्याचं सामान आणि डायनॅमो ठेवायचा. गाडीचं इंजिन डायनॅमो फिरवणार, त्यातून वीज, ती वीज कॉइलने हजारो व्होल्टपर्यंत चढवायची आणि ट्यूबला द्यायची. आजच्या भाषेत, पॉवर बँकसकट फिरणारी एक्स-रे लॅब! ओळखीपाळखीच्या लोकांकडून गाड्या मागून घेतल्या. सैनिक या गाड्यांना 'छोट्या क्युरी' म्हणू लागले. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे 20 गाड्या आणि हॉस्पिटलांत सुमारे 200 एक्स-रे खोल्या उभ्या राहिल्या.

दोन नोबेलवाली ही बाई त्यासाठी शरीररचना शिकली, गाडी चालवायला शिकली, बिघडलेलं इंजिन दुरुस्त करायलाही शिकली. सोबत मोठी मुलगी इरेन, वय 17.

गोळी किती खोल आहे?

एक्स-रे म्हणजे सावली. सावलीवरून गोळी कुठे आहे हे दिसतं, पण किती खोल हे कळत नाही. मग युक्ती अशी की ट्यूब थोडी बाजूला सरकवायची आणि गोळीची सावली किती सरकली ते मोजायचं.

समजा ट्यूब पडद्यापासून 60 सेंमीवर आहे. ती 10 सेंमी सरकवली आणि सावली 2 सेंमी सरकली, तर गोळी पडद्यापासून 10 सेंमीवर आहे. दहावीतले समरूप त्रिकोण, बाकी काही नाही. तुमच्या फोनचे दोन कॅमेरे पोर्ट्रेट फोटोत खोली ओळखतात तेही याच तत्त्वावर: दोन जागांवरून बघा आणि वस्तू किती सरकलेली दिसते ते मोजा.

मशीन आलं, पण चालवणार कोण?

खरी अडचण इथे आली. यंत्रं वाढत होती, चालवणारी माणसं नव्हती. 1916 मध्ये मेरींनी पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये बायकांसाठी कोर्स सुरू केला. विषय होते वीज, एक्स-रे, शरीररचना, काचा धुणं आणि भरपूर प्रॅक्टिकल. सगळ्याच काही कॉलेज शिकलेल्या नव्हत्या. इरेनही शिकवायला होती. सुमारे 150 जणी तयार होऊन आघाडीवर गेल्या. या सगळ्या व्यवस्थेतून दहा लाखांहून जास्त जखमींची तपासणी झाली असा अंदाज आहे.

हे वाचताना मला बाबांचा खांदा आठवला. आयुष्य यंत्रमागावर गेलं, खांदा धरला होता. एका दवाखान्यात एकच एक्स-रे तीनदा काढावा लागला, कारण दोन वेळा हात नीट ठेवला गेला नव्हता. म्हणजे खर्च जास्त आणि रेडिएशन तिप्पट. बटण दाबणं हे शेवटचं काम असतं. पेशंटला कसं वळवायचं, किती व्होल्टेज, किती वेळ, कुठला भाग झाकायचा, हे सगळं त्याआधी ठरतं. शिकायचं ते हेच. बाबांना हे पटायला त्यांचाच खांदा पुरला.

आईचा प्रश्न

पण आईची भीती खोटी नव्हती. युद्धात हे काम करणाऱ्यांना आजच्यासारखं संरक्षण नव्हतं, धोका पुरता कळलेलाही नव्हता. 4 जुलै 1934 रोजी मेरी क्युरी गेल्या. रक्त तयार होणंच थांबलं होतं. रेडियमपेक्षाही युद्धातले एक्स-रे याला जास्त कारणीभूत असावेत, असं पुढे तज्ज्ञांनी म्हटलं. इरेनलाही नोबेल मिळालं, आणि 1956 मध्ये ती रक्ताच्या कॅन्सरने गेली.

मी हे आईपासून लपवलं नाही. त्यानंतर काय बदललं तेही सांगितलं. आज नियम तीन: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. अंतर दुप्पट केलं की रेडिएशन चौथाईवर येतं. टेक्निशियन शिशाच्या आडोशामागे उभा असतो, आणि बटण सोडलं की किरण बंद. भिंतीत काही साठून राहत नाही. छातीवर एक बॅज असतो, तो किती रेडिएशन लागलं त्याची नोंद ठेवतो आणि दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादा घालून दिली आहे: वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट. हे नियम कागदावरून आलेले नाहीत. क्युरी मायलेकींसारख्या लोकांनी स्वतःच्या अंगावर जे झेललं, त्यातून ते आले.

आपण सोलापूरकर भैय्या चौकातून जाताना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव वाचतो. 1938 मध्ये ते चीनच्या युद्धात जखमींवर उपचार करायला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. डॉक्टर आपल्या लक्षात राहतात, राहायलाच हवेत. पण गोळी कुठे आहे हे सर्जनला दाखवणाऱ्या त्या 150 जणींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का?

बहिणीने ॲडमिशन घेतली. प्रॅक्टिकल सुरू झाल्यावर आईने पहिल्यांदा मागितला तो बॅज, बघायला. तो घरी आणायचा नसतो, ड्युटी संपली की एक्स-रे खोलीबाहेर ठरलेल्या जागीच ठेवायचा, असं बहिणीने सांगितलं. आई थोडी हिरमुसली. आता दर तीन महिन्यांनी न चुकता विचारते, बॅजचा रिपोर्ट आला का?