हक्कासाठी कारकीर्द पणाला लावणारा कर्ट फ्लड

बेसबॉलच्या मैदानावर नाव कमावलेल्या कर्ट फ्लड यांची खरी लढत न्यायालयात झाली. १८ जानेवारी १९३८ रोजी ह्यूस्टन येथे जन्मलेले फ्लड सेंट लुईस कार्डिनल्सकडून १२ हंगाम खेळले. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लोव्ह' पुरस्कार त्यांनी सलग ७ वेळा पटकाविला. १९६४ व १९६७ च्या विजेत्या संघांतही ते होते.

ऑक्टोबर १९६९ मध्ये संघाने त्यांना परस्पर फिलाडेल्फियाकडे सोपविले. करारातील 'रिझर्व्ह क्लॉज'मुळे मुदत संपल्यावरही खेळाडूवर संघाचाच हक्क राहत असे. वर्षाला सुमारे ९० हजार डॉलर मिळत असतानाही फ्लड यांना ही खरेदी-विक्री मान्य नव्हती. जानेवारी १९७० मध्ये त्यांनी बेसबॉल आयुक्तांविरुद्ध दावा दाखल केला. संघटना पाठीशी उभी राहिली. मात्र खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून अवघे १३ सामने खेळून त्यांची कारकीर्द संपली आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला.

तरीही हा लढा वाया गेला नाही. १० वर्षे खेळलेल्या आणि त्यातील अखेरची ५ एकाच संघात काढलेल्या खेळाडूला बदली नाकारण्याचा अधिकार १९७३ मध्ये मिळाला. १९७५ मध्ये लवादाने दोन गोलंदाजांना करारमुक्त ठरविले आणि जुन्या कलमाचा पाया ढासळला. फ्लड यांचे २० जानेवारी १९९७ रोजी निधन झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने बेसबॉलपटूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण दिले. त्या कायद्याला नाव मिळाले ते फ्लड यांचेच.